चांदनी चौकातून पायी

सकाळचे पावणेनऊ वाजले होते. डिसेंबरचं धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं. दिल्लीत लाल किल्ल्यासमोर, जैन लाल मंदिराच्या कोपऱ्यावर मी चहाचा कुल्हड धरून उभा होतो. समोर स्कूटर, बॅटरीवरच्या रिक्षा, माल उतरवून परतणारे टेम्पो, सगळ्यांची एकच घाई चालली होती. चहाचे पैसे किती झाले, हे दोनदा ओरडून विचारावं लागलं. नऊ वाजून गेल्यावर पोलिसांनी लोखंडी बॅरिकेड ओढून रस्ता अडवला. आत अडकलेल्या गाड्या हळूहळू बाहेर पडल्या. मग सायकल रिक्षांच्या घंटा ऐकू यायला लागल्या, शटर वर जाण्याचे आवाज ऐकू आले, कुणीतरी कुणाला नावाने हाक मारली तीही ऐकू आली. भर दिल्लीतल्या सर्वांत गजबजलेल्या बाजारात माणसाची हाक ऐकू येते, याचंच मला नवल वाटलं.

मी इतिहासाच्या ओढीने आलो होतो. शाहजहानाबादबद्दल बरंच वाचलं होतं, जहाँआरा बेगमचा चौक कुठे होता ते पायी फिरून बघायचं होतं. पण त्या सकाळी डोक्यात घोळत राहिले ते अब्बा.

अब्बा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, सिटी चौकाच्या मागे आमचं घर. रोज अस्रच्या नमाजनंतर पायी गुलमंडीला जाऊन यायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. भाजी घ्यायची, पान खायचं, दोन जुन्या मित्रांच्या दुकानात बसायचं. काम अर्ध्या तासाचं, लागायचे दोन तास. तीन वर्षांपूर्वी रस्ता ओलांडताना एका मोटारसायकलने त्यांना उडवलं. खुब्याचं हाड मोडलं. पोरगा थांबलासुद्धा नाही. हाड जुळलं, काठी आली, पण अब्बांनी गुलमंडीला जाणं सोडलं. ‘रस्ता अब अपना नहीं रहा,’ एवढंच म्हणतात.

रस्ता आपला असणं म्हणजे काय, आणि तो आपला राहत नाही तो कधीपासून? चांदनी चौकाच्या पावणेचारशे वर्षांत हा प्रश्न निदान चार-पाच वेळा उभा राहिलेला आहे. म्हणून तो इतिहास जरा सविस्तर बघू.

बेगमने आखलेला बाजार

शाहजहानने १६३९ साली यमुनेकाठी नव्या किल्ल्याचा पाया घातला. १६४८ मध्ये दरबार आग्र्याहून तिथे आला. किल्ल्याचे दोन मोठे दरवाजे, लाहोरी आणि अकबराबादी. दोन्हींसमोरून एकेक सरळ, रुंद बाजाररस्ता निघत होता. आपल्याकडे मोगल स्थापत्य म्हटलं की बादशहांची नावं घेतली जातात, पण या दोन्ही रस्त्यांवर स्त्रियांचा ठसा आहे. अकबराबादी दरवाजाकडचा फैज बाजार अकबराबादी बेगमच्या नावाशी जोडलेला. लाहोरी दरवाजासमोरच्या रस्त्याचं पश्चिमेचं टोक म्हणजे फतेहपुरी बेगमची मशीद. आणि या रस्त्याच्या मध्यावरचा चौक, त्याच्या उत्तरेची सराई, त्यामागची बाग आणि दक्षिणेचा हमाम, हे सगळं जहाँआराचं. साल १६५०.

जहाँआराचा जन्म १६१४ चा. आई मुमताज महल गेली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. आईच्या मालमत्तेचा निम्मा वाटा तिला मिळाला आणि सोबत पादशाह बेगम हा मान. पुढे सुरत बंदराचं उत्पन्नही तिच्याकडे आलं. तिचं स्वतःचं जहाज समुद्रावर व्यापार करत होतं. म्हणजे पैसा, माल आणि बाजार म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. नुसत्या हौसेने कारंजं बांधणारी शहजादी ती नव्हती.

इतिहासकार स्टीफन ब्लेक यांनी या रस्त्याची मापं दिली आहेत: रुंदी सुमारे ४० यार्ड, लांबी सुमारे १,५२० यार्ड, दुतर्फा १,५६० दुकानं. आजच्या हिशेबात रुंदी छत्तीस-सदतीस मीटर आणि लांबी चौदाशे मीटरच्या आत. साध्या चालीने किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत वीस मिनिटं. मधोमध कालवा वाहत होता. फिरोजशाह तुघलकाच्या काळचा बुजलेला कालवा दुरुस्त करून अली मर्दान खानाने यमुनेचं पाणी शहरात आणलं होतं, त्याचाच हा फाटा. काठाने झाडं. निम्म्या वाटेवर अष्टकोनी चौक, चौकात हौद. हौदात चांदणं पडायचं म्हणून नाव चांदनी चौक, असं सांगतात. चांदीच्या व्यापारामुळे नाव पडलं, असंही सांगणारे आहेत. मला चांदण्याचीच गोष्ट आवडते, पण आवड हा काही पुरावा नव्हे.

आता हे सगळं पायी चालणाऱ्याच्या नजरेने बघा. दिल्लीच्या उन्हात सावली आहे, पाणी आहे. दमलं तर निम्म्यावर थांबायला जागा आहे. परगावचा माणूस असेल तर उतरायला सराई आणि अंघोळीला हमाम. दुकानं कमानींच्या ओवरीत, म्हणजे गिऱ्हाईक उन्हापावसातून बाजूला. मोठ्या रस्त्यातून कूचा फुटतो, कूच्यातून गल्ली, गल्लीतून कटरा किंवा हवेलीचं अंगण. वाट जसजशी घराजवळ जाते तसतशी अरुंद होत जाते आणि चाकं आपोआप मागे राहतात. आज नगररचनेच्या वर्गात फळ्यावर आकृती काढून जे शिकवतात, की पादचाऱ्याला सावली हवी, बसायला जागा हवी, चालण्याजोगं अंतर हवं, गल्लीतून वेगाने गाडी जाता कामा नये, ते सगळं इथे होतं.

फ्रेंच वैद्य बर्निए १६६३ मध्ये दिल्लीहून लिहिलेल्या पत्रात या रस्त्यांचं वर्णन करतो. बेगमची सराई बघून त्याला वाटलं की अशा इमारती पॅरिसमध्ये हव्या होत्या, म्हणजे नवख्या माणसाला उतरायला सुरक्षित जागा मिळाली असती. दिल्लीत अनेक गोष्टींना नाकं मुरडणाऱ्या बर्निएकडून ही शाबासकी म्हणजे मोठीच.

पण मोगलांचा रस्ता म्हणजे पादचाऱ्यांचा स्वर्ग होता, असं मला म्हणायचं नाही. तसं म्हटलं तर तो इतिहास राहणार नाही, शेखी होईल. याच बर्निएने हेही लिहिलंय की अमीर-उमराव पालखीत बसून निघाले की पुढे-मागे नोकरांचा ताफा चाले आणि गर्दी हटवत वाट मोकळी करी. लाल दिव्याची गाडी तेव्हा निघाली नव्हती, एवढाच फरक. हत्ती, घोडे, उंट, बैलगाड्या सगळं या रस्त्यावर होतं. रस्ता मुळात बादशहाच्या मिरवणुकीचाही होता. फक्त त्याची मापं, त्याची सावली, त्याचे थांबे हे चालणाऱ्याला धरून ठरवले होते, आणि हत्ती निघून गेल्यावर रस्ता पुन्हा चालणाऱ्यांचाच होत होता.

पुढच्या शतकात, १७३८ च्या सुमारास, निजामाच्या लवाजम्याबरोबर दख्खनमधून एक तरुण दिल्लीला गेला, दरगाह कुली खान. पुढे हाच औरंगाबादचा सुभेदार झाला, म्हणजे आमचा गाववालाच. दिल्लीत बघितलेलं त्याने फारसीत लिहून ठेवलं, ते ‘मुरक्का-ए-दिल्ली’ म्हणून प्रसिद्ध आहे. चांदनी चौकाचं त्याने केलेलं वर्णन म्हणजे निव्वळ भटकण्याचं वर्णन आहे. दुकानांतली रत्नं, अत्तरं, चिनी भांडी, कहवाखान्यात जमून एकमेकांना शेर ऐकवणारे शायर. एका अमीरजाद्याला चौकात फेरफटका मारायचा होता, तर आईने वडिलांच्या ठेवीतले लाखभर रुपये काढून दिले आणि वर एवढ्याने काय होणार म्हणून दिलगिरी दाखवली, असा किस्सा त्याने सांगितलाय. अतिशयोक्ती असेलही. पण चौकात जायचं ते कामासाठी नव्हे, नुसतं जायचं म्हणून, ही गोष्ट त्यातून कळते. अब्बांचे ते दोन तास मला इथे आठवले.

याच रस्त्यावर १७३९ च्या मार्चमध्ये नादिरशहाने सुनहरी मशिदीत बसून कत्तलीचा हुकूम दिला. तरी बाजार पुन्हा भरला. जवळचं गौरीशंकर मंदिर १७६१ मध्ये आप्पा गंगाधर या मराठा सरदाराने बांधल्याचं सांगितलं जातं. जैन मंदिर, गौरीशंकर, शीशगंज गुरुद्वारा, सुनहरी मशीद, बॅप्टिस्ट चर्च, फतेहपुरी मशीद. एवढ्या प्रार्थनास्थळांना एका सरळ वाटेने अर्ध्या तासात पायी जाऊन येता येतं, असा दुसरा रस्ता मला माहीत नाही.

हौदाच्या जागी घड्याळ

१८५७ नंतर इंग्रजांनी शहर आधी रिकामं केलं आणि मग कापलं. कोतवालीसमोर फाशी देण्यात येत होत्या. मुसलमानांना परत यायला सर्वांत उशिरा परवानगी मिळाली. तोफांच्या माऱ्याला मैदान मोकळं हवं म्हणून किल्ल्याभोवतालची वस्ती पाडण्यात आली. त्यात हवेल्या गेल्या, बाजार गेले, अकबराबादी मशीद गेली. चांदनी चौकाचा किल्ल्याला भिडलेला तुकडाही गेला.

गालिब तेव्हा तिथून हाकेच्या अंतरावर, बल्लीमारानमध्ये राहत होता. दिल्ली म्हणजे काय, हे त्याने एका पत्रात पाच गोष्टींत सांगितलंय: किल्ला, चांदनी चौक, जामा मशिदीजवळचा रोजचा बाजार, दर आठवड्याला यमुनेच्या पुलावरची सैर आणि वर्षातून एकदा फूलवाल्यांचा मेळा. या पाचही गेल्या, मग दिल्ली कुठे राहिली, असा त्याचा सवाल. हे पत्र मी अनेकदा वाचलं होतं. या खेपेला पहिल्यांदाच ध्यानात आलं की किल्ला सोडला तर बाकीच्या चारही गोष्टी माणसांनी एकत्र पायी फिरण्याच्या आहेत. गालिबसाठी शहर म्हणजे इमारती नव्हत्या, रपेट होती.

मग जहाँआराची सराई गेली आणि तिच्या जागी टाऊन हॉल आला. बागेचं नाव क्वीन्स गार्डन झालं, बागेपलीकडे रेल्वे आली. चौकातला हौद बुजवून १८७० च्या सुमारास घंटाघर उभं केलं. हौदाच्या जागी घड्याळ! थांबायच्या जागेवर वेळेवर पोचण्याची ताकीद. (हे वाक्य जरा जास्तच टाळीचं झालं याची कल्पना आहे, पण खोडवत नाही.) ते घंटाघर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कोसळलं आणि काही माणसं त्याखाली मेली. लोक अजूनही त्या जागेला घंटाघरच म्हणतात. जहाँआराचा हौद मात्र तिथे कुणाला विचारला तर माहीत नसतो. मी तिघांना विचारलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कालवाही बंद झाला. १९०८ मध्ये ट्राम आली. ती हळू चालायची, लोक चालत्या ट्राममधून उतरायचे. १९६३ मध्ये ट्राम बंद केली. तिची जागा मोटारींनी घेतली.

रिक्षा नको, मोटार चालेल

स्वातंत्र्यानंतरची गोष्ट आपल्या सगळ्याच शहरांची आहे. फाळणीत कुणी गेलं, कुणी आलं. हवेल्यांची गोदामं झाली. कापड, वह्या-पुस्तकं, मसाले, विजेचं सामान, साऱ्या उत्तर भारताचा घाऊक माल या गल्ल्यांतून जाऊ लागला. १९६२ च्या दिल्लीच्या मास्टर प्लॅनमध्ये नव्या शहराला रुंद रस्ते मिळाले. जुन्या दिल्लीचा बहुतेक भाग झोपडपट्टीच्या कायद्याखाली अधिसूचित झालेला होता. ज्या शहरात माणसं पायी जगत होती ते सरकारदरबारी झोपडपट्टी ठरलं, आणि जिथे मोटारीशिवाय दूध आणता येत नाही ते आधुनिक.

छत्तीस मीटरचा रस्ता मोटारींनी भरला, आणि मग दोष कुणाला द्यायचा? सायकल रिक्षाला. २००६ मध्ये चांदनी चौकाच्या मुख्य रस्त्यावर सायकल रिक्षांना बंदी झाली. कारण दिलं गेलं कोंडीचं. शहरभरात रिक्षांच्या परवान्यांना ९९ हजारांची मर्यादा होती. त्यापलीकडची रिक्षा पकडली की जप्त, आणि काही वेळा मोडीत. मोटारींच्या संख्येला मात्र मर्यादा नव्हती. मोटार जागा घेते चार रिक्षांची, बहुधा आत एकच माणूस बसलेला, आणि बाजारात आल्यावर ती तीन तास उभीच असते. रिक्षा माणसाला सोडून पुढे जाते. तरी कोंडी करणारा रिक्षावाला, कारण तो गरीब आहे आणि तक्रार करणारा गाडीत बसलेला आहे.

मानुषी संघटन ही संस्था याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०१० मध्ये न्यायालयाने ती ९९ हजारांची मर्यादा रद्द केली. रिक्षावाल्याच्या पोटाचा हक्क न्यायालयाने मान्य केलाच, शिवाय रस्त्याची जागा वेगवेगळ्या वाहनांत कशी वाटायची याचा नव्याने विचार करायला सांगितलं. माझ्या मते चांदनी चौकाच्या नव्या इतिहासाची सुरुवात उद्घाटनाच्या फितीपासून नव्हे, या निकालापासून धरायला हवी. कारण रस्ता रुंद कसा करायचा, हा प्रश्न मागे पडून रस्ता कुणाकुणात वाटायचा, हा प्रश्न तिथे पुढे आला. केंद्राच्या २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणातही हेच म्हटलं होतं, की रस्त्यांची आखणी वाहनांसाठी नव्हे, माणसांसाठी करा. धोरण कागदावर होतं आणि त्याच वर्षी रिक्षा बंद झाली होती.

आणखी एक गोष्ट आधीच घडून गेली होती. जुलै २००५ मध्ये चांदनी चौक मेट्रो स्टेशन सुरू झालं. पुढे २०१७ मध्ये पूर्वेच्या टोकाला लाल किल्ला स्टेशन आलं. गाड्या बंद केल्या तर लोक येणार कसे, या व्यापाऱ्यांच्या खऱ्या भीतीला त्यामुळे उत्तर मिळालं. आपल्याकडे अनेक शहरांत हा क्रम उलटा असतो. आधी फुटपाथवर महागडी फरशी, बसचा पत्ता नाही. मग लोक फरशीवरच गाड्या लावतात आणि आपणच म्हणतो, लोकांना शिस्त नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये काम सुरू झालं आणि १२ सप्टेंबर २०२१ ला नवा रस्ता खुला झाला. किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत सुमारे १.३ किलोमीटर. लोंबणाऱ्या तारांची जाळी जमिनीखाली गेली, पदपथ रुंद झाले, लाल दगड आला, दगडी बाकं आली. सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटार वाहनांना बंदी. सायकल रिक्षा मात्र आत. पंधरा वर्षांपूर्वी जिला हाकललं होतं तीच आता अधिकृत वाहन झाली!

हे नुसतं सुशोभीकरण नाही, जिवाचा मामला आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतले ३२,८२५ पादचारी होते, म्हणजे दिवसाला सुमारे नव्वद. ही माणसं गाडी चालवत नव्हती, त्यांनी वेगमर्यादा मोडली नव्हती. ती दूध आणायला, शाळेत, मशिदीत, देवळात, बसथांब्याकडे निघाली होती. आणि यात अब्बांसारखे लोक धरलेले नाहीत, जे वाचले आणि घरात बसले.

बॅरिकेडच्या आत

मी त्या दिवशी हा रस्ता दोनदा पूर्ण चाललो. एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी. जे दिसलं ते सगळंच काही गोड नव्हतं.

पदपथ खरंच रुंद आहे. दोन बुरखेवाल्या बायका, त्यांच्यामागे शाळेचा गणवेश घातलेली मुलगी, बाजूने काठी टेकत एक सरदारजी, समोरून डोक्यावर गठ्ठा घेतलेला हमाल, एवढे सगळे एकमेकांना धक्का न लावता गेले. इंडियन रोड काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी वाट सांगितली आहे. आमच्या गुलमंडीच्या वाटेवर अर्धा मीटर सापडला तरी नशीब, तोही गटाराच्या झाकणाचा.

पण दुपारपासून स्कूटर दिसायला लागल्या. गल्लीतून निघायच्या, पन्नास पावलं मुख्य रस्त्यावरून जायच्या आणि पुढच्या गल्लीत शिरायच्या. बॅरिकेड रस्त्याच्या टोकांना आहे, गल्ल्यांच्या तोंडाशी नाही. मधल्या दुभाजकावर विजेच्या पेट्या उभ्या आहेत, त्यामुळे सरळ पलीकडे जायचं तर जागा शोधावी लागते. जहाँआराने जिथे पाणी वाहतं ठेवलं तिथे आता ट्रान्सफॉर्मर आहेत. मोठी सावली देणारी झाडं मला फारशी दिसली नाहीत. डिसेंबरात ते खपून जातं, पण मे महिन्यात हा लाल दगड काय तापत असेल!

संध्याकाळी मी ज्या रिक्षात बसलो तो चालक बिहारचा होता, वीस वर्षं इथे रिक्षा ओढणारा. २००६ मध्ये त्याची रिक्षा उचलून नेली होती. नंतर ती सोडवायला जेवढा दंड भरावा लागला तेवढ्यात जुनी रिक्षा विकत आली असती, असं तो हसत सांगत होता. आता बरं आहे का, विचारलं. म्हणाला, दिवसा मोटार नाही, तर ओढायला सोपं जातं, मध्ये सारखा ब्रेक मारावा लागत नाही. पण आत यायला नोंदणीचा बिल्ला लागतो, ज्यांना तो मिळाला नाही ते बाहेरच. आणि रात्री नऊनंतर इथे थांबू नका म्हणाला, ट्रक येतात. दिवसभराचा घाऊक माल रात्रीतच आत-बाहेर होतो. हमालांची झोप गेली, दिवस शांत झाला. हा हिशेबही मांडायला हवा.

पायी चालण्याजोगे रस्ते म्हणजे श्रीमंत देशांचं खूळ, असं म्हणणाऱ्यांशी माझा वाद आहे. भारतातल्या शहरांत पायी चालतो तो बहुतेक करून गरीब, बाई, मूल किंवा म्हातारा. रस्ता सुरक्षित केला तर पहिला फायदा त्यांचा. पण चांदनी चौकात हेही दिसतं की तोच रस्ता नटवताना गरिबालाच पुन्हा बिल्ला दाखवायला लावता येतं. फेरीवाले असेच. पोलीस येताना दिसले की कापड गुंडाळून गल्लीत पळायचे, गेले की परत पसरायचे. जुन्या चौकात फेरीवाला हा बाजाराचाच भाग होता. आता तो अतिक्रमण आहे.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अडथळ्याविना पदपथ वापरता येणं हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातला, जगण्याच्या हक्काचा भाग आहे. निकालाची प्रत घेऊन रस्ता ओलांडता येत नाही हे खरं. तरी नगरसेवकासमोर उभं राहायला एक आधार झाला.

महाराष्ट्रात पुण्याने ११ डिसेंबर २०२१ ला पादचारी दिन पाळला, लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद ठेवला. लोक रस्त्यावर चित्रं काढत होते, गाणी म्हणत होते. पुढेही हा दिवस पाळला गेला. वर्षातून एक दिवस! चालणं हा जणू सण आहे. आमच्या शहरात तर तेही नाही. इथल्या ऐतिहासिक दरवाजांच्या कमानींतून अजून वाहनं काढली जातात. घोडा आणि पालखीच्या मापाच्या त्या कमानी आहेत. एखादा ट्रक घासून जातो, मग दुरुस्ती, मग पुन्हा ट्रक. दरवाजा पाडावा की ठेवावा यावर भांडण होतं, गाड्या दुसरीकडून वळवाव्यात का, यावर होत नाही.

पैठण गेट ते गुलमंडी हे अंतर चांदनी चौकाहून कमीच आहे. दुकानं तशीच दुतर्फा, गल्ल्या तशाच फुटलेल्या. चारीकडून रिक्षा आणि शहर बस येण्याजोगी जागा आहे. रोज नाही तर निदान संध्याकाळी पाच ते नऊ एवढा रस्ता गाड्यांना बंद ठेवायला फरशी लागत नाही, दगड लागत नाही. बॅरिकेड लागतात आणि चार माणसं. गल्ल्यांच्या तोंडाशीही, हे दिल्लीत बघून ठेवलंय.

निघण्याआधी हजरत निजामुद्दीनच्या दर्ग्यात गेलो. जहाँआरा तिथेच आहे, १६८१ पासून. वर छत नाही, कबरीवर गवत, तिच्याच इच्छेप्रमाणे. फातिहा पढलो. बाहेर आलो तर मथुरा रोडवर गाड्या अशा सुटल्या होत्या की पलीकडे जायला दहा मिनिटं लागली.

रात्री अब्बांना फोन केला. चौकाचं सगळं सांगितलं, नऊला बॅरिकेड लावतात तेही. त्यांनी मधेच थांबवून विचारलं, बाकांना पाठ आहे का, की नुसता दगड? नुसता दगड, मी म्हणालो. मग माझ्या वयाच्या माणसाला दहा मिनिटांवर बसवणार नाही, म्हणाले. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.